शिवेवरचें गांव आणि वळशाचा रस्ता

लग्नाच्या आदल्या दिवशीं आपण सीमान्तपूजन करतों, पण सीमा कोठें आहे याची चौकशी हल्लीं कोणी करीत नाहीं; कार्यालयाच्या जिन्यापाशीं पाट मांडला कीं काम झालें. संस्कृत 'सीमन्' शब्दापासून मराठींत 'शीव' आली, आणि मुंबई बेटाची उत्तरेकडील हद्द जेथें संपे त्या गांवालाही तेंच नांव पडलें. इंग्रजांनीं त्याचें 'सायन' केलें. ह्या शिवेच्या पूर्वेस, हार्बरच्या लोहमार्गालगत, कोळीवाडा आहे, आणि तेथें आमचें बिऱ्हाड गेलीं चाळीस वर्षें आहे. आगगाडीच्या स्थानकास आतां गुरु तेगबहादूर नगर म्हणतात. फाळणीनंतर पंजाबांतून आलेल्या निर्वासितांची वसाहत येथें झाली, तिचें तें स्मरण. आमच्या पिढीच्या तोंडीं मात्र कोळीवाडाच बसला आहे. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं हें नांव खानावळींतील एका तळलेल्या पदार्थामुळें ऐकलें असेल. त्याच्या चवीविषयीं आम्हांस अधिकारवाणीनें कांहीं सांगतां येणार नाहीं.

शिवेपलीकडे खाडी, आणि खाडीपलीकडे साष्टी. गव्हर्नर जोनाथन डंकन याच्या कारकीर्दींत, १७९८ सालीं, खाडींत भराव घालून शीव आणि कुर्ला जोडणाऱ्या रस्त्याचें काम सुरू झालें, व १८०३ सालीं त्यावरून गाड्या जाऊं लागल्या. पश्चिमेकडील माहीमचा रस्ता १८४५ सालीं, जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांच्या देणगींतून झाला. मधल्या चार दशकांत ज्यास पायीं किंवा गाडीनें मुंबईंत यावयाचें असेल त्याची वाट शिवेवरूनच होती. पुढें आग्र्याचा रस्ता येथूनच गेला. त्यानंतर ठाण्याकडील पूर्व द्रुतगती महामार्ग आणि पनवेलीकडील महामार्ग यांचींही मुखें येथेंच उघडलीं. आजही रिक्षा येथें थांबते; शिवेच्या दक्षिणेस तिला मज्जाव आहे. ठाण्याकडून कोणी पाहुणा रिक्षांतून आला तर त्यास येथें उतरून टॅक्सी किंवा बस धरावी लागते. पाट नाहीं, पूजा नाहीं, पण सीमान्त मात्र पाळला जातो!

ज्या गांवावरून सारें जग जातें त्या गांवाला स्वतः कोठें जाणें कठीण होतें, हा अनुभव आम्हांस नवा नाहीं. यावर तज्ज्ञांनीं सुचविलेला उपाय म्हणजे वळशाचा रस्ता. शहराच्या पोटांतून जाणारी रहदारी कडेनें फिरवावी, म्हणजे पोट मोकळें होईल, असा त्यामागचा विचार. १९६२ च्या सुमारास विल्बर स्मिथ ह्या अमेरिकन कंपनीनें मुंबईच्या वाहतुकीचा अभ्यास केला, तेव्हांच बेटावर अडथळ्यावांचून धांवणारे मुक्तमार्ग काढावेत अशी सूचना पुढें आली होती. ती प्रत्यक्षांत उतरण्यास अर्धें शतक लागलें. वांद्रें–वरळीचा सागरी सेतु २००९ च्या जूनमध्यें खुला झाला. पूर्वेच्या बाजूचा पूर्व मुक्तमार्ग जून २०१३ मध्यें पांजरापोळपर्यंत व जून २०१४ मध्यें घाटकोपरपर्यंत सुरू झाला. त्याच वर्षाच्या एप्रिलमध्यें सांताक्रूझ–चेंबूर जोडरस्ता झाला. पश्चिमेचा सागरी किनारा मार्ग मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्यानें उघडला. आतां ऑरेंज गेटपासून मरीन ड्राइव्हपर्यंत जमिनीखालून बोगदा नेण्याचें काम हातीं घेतलें आहे; तो झाला कीं वर्तुळ जवळजवळ पुरें होईल. नकाशा पुढें ठेवून पाहिलें तर गंमत अशी दिसते कीं, शतकानुशतकें कांठावर बसलेली आमची शीव ह्या वर्तुळाच्या पोटांत गेली आहे.

ह्या सर्वांत पूर्व मुक्तमार्ग आम्हांस अधिक जवळचा, कारण तो आमच्या वडाळ्यावरून व आणिकावरून जातो. लांबी १६.८ किलोमीटर, म्हणजे साडेदहा मैलांस किंचित् कमी. काम २००८ सालीं सुरू झालें, आणि तीन वर्षांचें म्हणून मांडलेलें सहा वर्षें चाललें. ह्या विलंबास एकच एक कारण नव्हतें. मार्गाचा मोठा भाग बंदराच्या जमिनींतून, गोद्या, वखारी आणि लोहमार्ग यांच्या गर्दींतून गेला. पुढें आणिकापासून पांजरापोळपर्यंत अणुशक्ति केंद्राच्या लगतच्या टेंकडींतून, खडक फोडून, जुळे बोगदे काढावे लागले. आणि पांजरापोळापाशीं वाटेंत असलेल्या झोंपड्यांतील माणसांस दुसरीकडे घर दिल्यावांचून रस्ता पुढें सरकणें शक्य नव्हतें. वाटेंत कोणाचें तरी घर असतेंच, हें रस्ता काढणारास सर्वांत शेवटीं दिसतें.

मार्ग चांगला झाला, हें प्रथम कबूल केलें पाहिजे. आमचा धाकटा पुतण्या चेंबुरास राहतो व त्याची कचेरी कोटांत आहे. पूर्वी तो सकाळीं आमच्या दारावरून जात असे आणि शिवेच्या चौकांत अडकून पडला कीं तेथून फोन करून आमच्याशीं गप्पा मारीत असे. मुक्तमार्ग झाल्यापासून फोन बंद झाले. "काका, वीस मिनिटांत ऑरेंज गेट!" असें तो मोठ्या अभिमानानें सांगे. वर्ष-दोन वर्षांनीं आम्हीं पुन्हा विचारलें तेव्हां म्हणाला, "वीस मिनिटें अजून तीच, पण खालीं उतरायला पंचवीस लागतात."

ह्या उत्तरांत साऱ्या प्रश्नाचें मर्म आहे. कळशी केवढीही मोठी केली तरी पाणी तिच्या तोंडाएवढेंच बाहेर पडतें. साडेदहा मैलांत एकही सिग्नल नाहीं; परंतु दक्षिणेस हा रस्ता जेथें खालीं येतो तेथें तोच जुना पी. डिमेलो रस्ता, तेच फांटे आणि तेच चौक. जानेवारी २०२४ मध्यें शिवडी–न्हावाशेवा सागरी सेतु सुरू झाला आणि नव्या मुंबईकडील मोटारीही शिवडीपाशीं ह्याच मुक्तमार्गास येऊन मिळूं लागल्या. शिवाय रस्ता मोकळा झाला कीं नवीं वाहनें त्याकडे वळतात. लंडनभोंवतीं ११७ मैलांचा एम-२५ नांवाचा वर्तुळरस्ता १९८६ सालीं पुरा झाला. थोड्याच वर्षांत तो इतका भरला कीं त्यास पुनः रुंद करणें भाग पडलें. म्हणजे वळशाच्या रस्त्यानें गांठ सुटतेच असें नाहीं. पुष्कळदां ती नुसती सरकते.

आणि ती सरकून कोणाच्या दारीं येते? मुक्तमार्गावर दुचाकी, रिक्षा व पादचारी यांस बंदी आहे. वेगाच्या रस्त्यावर अशी बंदी असणें योग्यच आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. परंतु कोळीवाड्यांत मोटारवाले किती? येथील कारकून, दुकानदार, शिक्षक, इस्पितळांतील परिचारिका हीं सारीं माणसें पायीं, बसनें किंवा दुचाकीवरून जातात. त्यांस खालचाच रस्ता. वरच्या रस्त्यावर करोडों रुपये खर्च होत असतां खालच्या रस्त्याची पदपथाची फरशी वर्षानुवर्षें उखडलेली राहते.

येथें घरची एक हकीकत सांगणें प्राप्त आहे. शीव स्थानकावरचा १९१२ सालचा पूल जीर्ण झाल्यानें पाडून नवा बांधण्यासाठीं १ ऑगस्ट २०२४ रोजीं वाहनांस बंद झाला, आणि धारावीकडे जाणारी सारी रहदारी इतर वाटांनीं फिरूं लागली. त्याच महिन्यांत एका संध्याकाळीं आमच्या थोरल्या वहिनींस एकाएकीं दम लागला. वय अठ्याहत्तर. रुग्णालय आमच्या घरापासून मैलभरही नाहीं. मोठ्या पुतण्यानें मोटार काढली, सूनबाई मागें बसल्या, आम्ही पुढें. पाऊस चालू होता. पहिल्या वळणापर्यंत पांच मिनिटांत आलों आणि तेथें जें थांबलों तें थांबलोंच. पुढें बसगाड्या, मागें मालमोटारी. आमच्या मागोमाग एक रुग्णवाहिका भोंगा वाजवीत उभी होती, तिलाही वाट नाहीं. वहिनींचे ओंठ निळे पडूं लागले. आम्हीं आयुष्यभर मुलांस धीर धरावा म्हणून शिकविलें. त्या अर्ध्या तासांत आमचाच धीर सुटला, हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

शेवटीं पलीकडच्या दुकानांतला एक तरुण सरदारजी आमची दशा पाहून पुढें आला. त्यानें दुकानांतली खुर्ची आणली, "माँजी, बैठो" म्हणाला, आणि तो, पुतण्या व आणखी दोघे अनोळखी मुलगे यांनीं वहिनींस खुर्चीसकट उचलून पावसांतून, मोटारींच्या मधून वाट काढीत रुग्णालयाच्या दारापर्यंत नेलें. आम्ही छत्री धरून मागें धांवत होतों. प्राणवायु वेळेवर मिळाला आणि आठ दिवसांनीं वहिनी घरीं आल्या. आतां त्या स्वतःच ही गोष्ट आल्यागेल्यास सांगतात. "सासरीं आलें तेव्हां पालखी मिळाली नाहीं, ती ह्या वयांत मिळाली," असें म्हणतात. ऐकणारे हंसतात, आम्हांस अजून हंसूं येत नाहीं.

मोठे रस्ते बांधूं नयेत असें आम्ही म्हणत नाहीं. पण एक जुना पूल पाडण्यापूर्वीं त्यावरची रहदारी कोणत्या गल्लींतून जाईल, तेथें शाळा आहे कीं इस्पितळ, रुग्णवाहिकेस एक पट्टी मोकळी राहील कीं नाहीं, हें आधीं ठरवितां येतें. त्यासाठीं करोडों रुपये लागत नाहींत. पादचाऱ्यांस रस्ता ओलांडण्याची सोय महामार्गाच्या आंखणीबरोबरच व्हावी, मागाहून अपघात मोजून नव्हे. आतां पूर्व मुक्तमार्ग ठाण्यापर्यंत वाढविण्याचें काम निघालें आहे. तो जेथें जेथें उतरेल तेथेंही कोणतें तरी गांव असेलच.

गेल्या रविवारीं धाकटा पुतण्या आम्हांस आणि वहिनींस मुक्तमार्गावरून फिरवावयास घेऊन गेला. बोगद्यांतून बाहेर पडतांच एका बाजूस मिठागरें आणि तिवरांचें रान, दुसऱ्या बाजूस उंच इमारतींची दाटी; देखावा खरोखर पाहण्यासारखा आहे. वहिनी कांचेला नाक लावून आपलें घर शोधीत होत्या. तें कांहीं दिसलें नाहीं. आणिकापाशीं आम्ही खालीं उतरलों, तोंवर नऊ मिनिटें झालीं होतीं. तेथून घरीं येण्यास एकतीस लागलीं.