पाटण्याची पलभा

शाळेशी ज्यांचा संबंध लहानपणीच तुटला, किंवा पदवी पदरी पडली तरी विज्ञानाच्या वाटेस जे कधी गेले नाहीत, अशा प्रौढांना शास्त्राची तोंडओळख करून देण्यास उभा राहिलेला व्याख्याता बहुधा अणू, रेणू आणि द्रव्याची लक्षणे येथून प्रारंभ करतो, आणि थोड्याच वेळात श्रोते जांभया देऊ लागतात. चाळीसगाव तालुक्यात पुष्कळ वर्षे हा उद्योग केल्यानंतर माझे मत असे बनले आहे की, प्रौढाने जे जन्मभर पाहिले पण ज्याचे कारण कधी विचारले नाही, तेथूनच आरंभ करावा. सावली, ग्रहण आणि क्षितिज ही तीन प्रकरणे त्यास पुरेशी आहेत. आणि त्यांसाठी आमच्या मुलखात पाटण्याइतके योग्य ठिकाण दुसरे नाही.

चाळीसगावाहून दहा-अकरा मैलांवर, गौताळ्याच्या डोंगरांच्या कुशीत पाटणादेवीचे देऊळ आहे. तेथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ च्या सुमारास विद्वानांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू आणि यादवराजा सिंघणाचा ज्योतिषी चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापिला, आणि निकुंभ घराण्यातील सोइदेवाने इसवी सन १२०७ मध्ये श्रावणी पौर्णिमेच्या चंद्रग्रहणाच्या वेळी त्यास दान दिले, असा त्याचा आशय. भास्कराचार्य जन्मले ते पाटण्यातच, असे आमच्याकडे छातीठोकपणे सांगतात. त्यांनी स्वतः मात्र सह्याद्रीच्या आश्रयाचे विज्जडविड हे गाव सांगितले आहे, आणि ते कोणते यावर पंडितांत अद्याप एकमत नाही. मला त्या वादात फारसा रस नाही. माझा जीव गुंतला आहे तो लेखाच्या शेवटच्या, जुन्या मराठीतील ओळींत.

या ओळी म्हणजे निखळ बाजारी दस्तऐवज आहे. पाटणच्या पेठेत जो माल उघडेल त्यावर ग्राहकाकडून राजाला मिळावयाचा हिस्सा मठाकडे वळविला आहे. आणि जितके घाणे चालतील तितक्या प्रत्येकामागे पळी-पळी तेल मठास लावून दिले आहे. आठशे वर्षांपूर्वी खानदेशातील गोलगणिताचा खर्च अंशतः तेल्याच्या घाण्यावर आणि गिऱ्हाइकाच्या पैशावर चालत होता, हे वाचले की विद्येला राजाश्रय मिळाला हे पाठ्यपुस्तकी वाक्य मला अपुरे वाटू लागते. श्रोत्यांत घाणा चालविणारे कोणी असले की मी हा मजकूर आवर्जून सांगतो. त्यानंतर ते मागे रेलून बसत नाहीत.

दान ग्रहणाच्या वेळी दिले आहे, तेव्हा पुढचा पाठ आपोआपच ग्रहणाचा. १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांनी छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे ११५० मध्ये, ‘सिद्धांतशिरोमणि’ रचला. त्यातील गोलाध्यायात केवळ डोळ्यांनी दिसणाऱ्या गोष्टींवरून जे अनुमान बांधले आहे ते कोणत्याही अशिक्षिताला समजावे असे आहे. चंद्राला ग्रहण त्याच्या पूर्व कडेकडून लागते, सूर्याला पश्चिम कडेकडून. अर्धा ग्रासलेल्या चंद्राची शिंगे बोथट दिसतात आणि ग्रहण फार वेळ चालते, म्हणून त्याला झाकणारी वस्तू मोठी. सूर्याची शिंगे तीक्ष्ण आणि ग्रहण अल्पकाळ, म्हणून त्याला झाकणारी लहान. तेव्हा दोन्ही ठिकाणी झाकणारा एकच नव्हे: एकीकडे पृथ्वीची छाया, दुसरीकडे चंद्रबिंब. राहूच्या पुराणकथेशी त्यांनी नंतर मिळते घेतले आहे खरे. पण अनुमान पुसलेले नाही. पृथ्वी सपाट का दिसते, या प्रश्नालाही त्यांचे उत्तर असेच थेट आहे: परिघाचा शंभरावा भाग सपाटच भासतो, आणि माणसाची नजर त्यापलीकडे पोचत नाही.

मराठीतील लोकविज्ञानाचा इतिहास येथे धावतच सांगतो. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दिग्दर्शन’ १८४० चे, ‘सृष्टिज्ञान’ मासिक १९२८ चे, मराठी विज्ञान परिषद १९६६ ची. मध्ये शंकर बाळकृष्ण दीक्षित येतात, आणि ते काही काळ धुळ्याच्या ट्रेनिंग स्कुलात शिक्षक होते म्हणून आमचेही. भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास लिहिणाऱ्या या पंडिताने सामान्य वाचकासाठी ‘ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज’ हे पुस्तक लिहिले, यातच त्यांची दृष्टी दिसते.

आता सावली. बारा अंगुळांच्या उभ्या शंकूची विषुवदिनी मध्यान्ही जी सावली पडते ती त्या गावाची पलभा. चाळीसगावची पलभा साडेचार अंगुळे, उज्जैनची पाचांहून किंचित अधिक. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला विचारले होते की, ऐन उन्हाळ्यात भर दुपारी उन्हात उभे राहिले की आपली सावली पायांतच का जाते? त्यांचे निरीक्षण अचूक होते. २२-२३ मेच्या आणि पुन्हा २१ जुलैच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य चाळीसगावच्या नेमका डोक्यावर येतो. जुलैतील दिवस बहुधा ढगांत जातो एवढेच. अशा माणसाला अज्ञ समजून शिकविणाऱ्यांचा मला राग येतो.

भास्कराचार्य सांगतात की उज्जैन विषुववृत्तापासून परिघाच्या सोळाव्या हिश्शावर आहे. म्हणजे ते अंतर मोजून सोळाने गुणले की पृथ्वीचा परीघ. विषुववृत्तापर्यंत जाण्याचे आपणांस कारण नाही. उज्जैन आमच्या जवळजवळ उत्तरेस, सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटर. तेथे कोणी आप्त असल्यास त्यांस पत्र टाकावे, आणि येत्या २१ मार्चला दोघांनीही १२० सेंटीमीटरची काठी ओळंब्याने उभी करून सव्वाबारापासून एकपर्यंत सावलीच्या टोकाच्या खुणा कराव्या. सर्वांत आखूड सावली येथे ४५ सेंटीमीटरच्या आसपास येईल, तेथे ५१ च्या. दोन्ही आकृत्या कागदावर प्रमाणात काढून काठीच्या टोकाशी झालेला कोन मोजला असता येथे साडेवीस अंश, तेथे तेवीसच्या थोडा वर निघेल. फरक सुमारे २.७ अंशांचा. ३०० ला ३६० ने गुणून २.७ ने भागावे. उत्तर ४०,००० किलोमीटर येते. ज्यांचे उत्तर फार चुकेल त्यांनी प्रथम ओळंबा तपासावा.