ॲपला कुलूप कोणते घालावे?



ऊसनोंद, तोडणीची पाळी, काट्यावरचे वजन आणि बिल मोबाईलच्या ॲपवर दाखवावे असा विचार चालू आहे. ॲप उघडणारा माणूस तोच सभासद आहे हे ओळखायचे कसे, यावर आम्हां शेतकी विभागात बरीच चर्चा झाली. शेजाऱ्याने आपल्या खेपेचे वजन पाहिले तर फारसे बिघडत नाही. पण बँक खात्याचा नंबर कोणी परस्पर बदलला, तर वर्षभराच्या उसाचे बिल भलत्याच्या खात्यात जाईल.

पासवर्ड आपल्याकडे टिकेल असे आम्हांस वाटत नाही. माणसे जन्मसालच पासवर्ड ठेवतात, नाहीतर कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवतात.

ओटीपी सोयीचा. गॅसच्या टाकीमुळे तो घरोघरी माहीत झाला आहे. चार आकडी ठेवला तर दहा हजारच शक्यता, सहा आकडी ठेवला तर दहा लाख. म्हणून सहा आकडीच हवा, काही मिनिटांत बाद होणारा, आणि चार-पाच चुकांनंतर दार बंद करणारा. मात्र ओटीपी माणसाला येत नाही, सिमकार्डाला येतो. नोंदीच्या वेळी चिटबॉयचा नाहीतर पुतण्याचा नंबर दिला असेल, तर ओटीपी त्याच्याकडेच जाणार. बंद पडलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याला देते. खोटी कागदपत्रे दाखवून दुसऱ्याच्या नंबरचे सिम काढणारे लबाडही आहेतच. अमेरिकेतील एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ साली एसएमएसवरच्या ओटीपीवर म्हणूनच मर्यादा घातल्या.

बोटाच्या ठशाविषयी गैरसमज फार. फोनला लावलेला ठसा कारखान्याकडे येत नाही; फोन स्वतःच तो पडताळतो. २०२२ पासून गूगल, ॲपल, मायक्रोसॉफ्ट यांनी उचलून धरलेली 'पासकी' याच वाटेने चालते. गुप्त किल्ली सभासदाजवळ, कारखान्याकडे नुसती तिच्या जोडीची उघडी किल्ली. आमचा संगणक कोणी फोडला तरी त्या किल्लीने त्याला काही उघडता येत नाही. रीत उत्तम, पण फोन चांगला लागतो. शिवाय खुरपे-कोयता धरून झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्र कित्येकदा घेत नाही, हे रेशन दुकानात आपण पाहतोच. अशा वेळी फोनचा पिन चालतो.

आमचे मत असे, की माहिती पाहण्यापुरता ओटीपी ठेवावा, ज्यांना जमेल त्यांना पासकी द्यावी. बँक खाते किंवा मोबाईल नंबर बदलण्याची सोय ॲपमध्ये ठेवूच नये. त्यासाठी सभासदाने पासबुक व ओळखपत्र घेऊन गट ऑफिसात समक्ष यावे. एक हेलपाटा पडेल, पडू द्या.

तरी सर्वांनी नोंदीवरचा आपला नंबर तपासून घ्यावा. ज्या भगिनींच्या नावे ऊस आहे त्यांनी स्वतःचाच नंबर द्यावा. साधा बटणाचा फोनही ओटीपीस पुरतो, ॲप मुलाच्या फोनवर उघडता येईल. आलेला आकडा चिटबॉयला, मुकादमाला किंवा आम्हांलाही सांगू नये. नंबर दुरुस्तीसाठी गट ऑफिसात अर्ज करावा.