लोखंडी लाटा (भाग १४) : सेकंदाला एक वीत

मिलच्या रोलरांखाली बसणारी ट्रॅश प्लेट आज नाही. मागच्या भागात तिचं नुसतं नाव घेतलं तर तीन-चार जुन्या मिल फिटरांचे फोन आले. प्रत्येकाचं सेटिंगचं गणित वेगळं, आणि प्रत्येकाला आपलंच खरं वाटतं. त्यांच्याशी नीट बोलून मगच लिहीन. शिवाय मध्येच बार्शीच्या एका वाचकांचं पत्र आलं. ते वाचल्यापासून दुसरं काही सुचत नाहीये.

ते लिहितात, ‘साखर कारखान्याचा रोलर मिनिटाला चार फेरे घेतो असं तुम्ही लिहिलंत. आमच्या ओसरीवरचा पंखा एक नंबरवर ठेवला तरी त्याच्या कितीतरी पट जोरात फिरतो. मग इतक्या सावकाश फिरणाऱ्या लाटेत माणसाचा हात सापडतोच कसा? काढून घ्यायला वेळ मिळत नाही का? विचारण्याचं कारण, माझ्या मेव्हण्याची रसवंती आहे. गेल्या उन्हाळ्यात कामावरच्या पोराचं बोट थोडक्यात वाचलं.’

मिल हाऊसमध्ये पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा मलाही हेच वाटलं होतं. टर्बाइनच्या आवाजात शेजारचा माणूस काय बोलतो ते ऐकू येत नव्हतं, पण रोलर मात्र इतका शांत फिरत होता की त्याच्या कडेवर खडूने काढलेली फुली खाली जाऊन पुन्हा वर येताना मी आरामात पाहत होतो. म्हशीने रवंथ करावं तसा वेग. या यंत्राची भीती बाळगायची असते हे कुणी सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं.

आता हिशोब करू. रोलरचा व्यास ३६ इंच, म्हणजे ९०० मिलिमीटरच्या जवळपास धरा. घेर झाला २.८ मीटर. मिनिटाला चार फेरे म्हणजे रोलरचा पृष्ठभाग मिनिटात सव्वाअकरा मीटर सरकतो. साठाने भागा. सेकंदाला १९ सेंटिमीटर. अंगठा आणि करंगळी ताणून टेबलावर ठेवा, जवळजवळ तेवढंच अंतर. सेकंदाला एक वीत.

आपल्या जुन्या मापात दोन विती म्हणजे एक हात, मधल्या बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत. म्हणजे बोटाचं टोक सापडल्यापासून कोपर आत जायला अडीच सेकंदही पुरतात. एवढ्या वेळात काय काय व्हायला हवं ते पाहा. माणसाला कळायला हवं, त्याने ओरडायला हवं, त्या आवाजात ते कुणाला तरी ऐकू जायला हवं, ऐकणाऱ्याने बटणापर्यंत पोचायला हवं. बटण दाबलं तरी मिनिटाला हजारो फेरे घेणारं टर्बाइन आणि त्याच्या मागची गिअरांची रांग जागच्या जागी थांबत नाही. आणि थांबल्यावरही सुटका नसते. वाफेचं टर्बाइन उलटं फिरत नाही. वरच्या रोलरवर हायड्रॉलिकचा शेकडो टनांचा दाब असतो. तो आधी सोडावा लागतो, मग रोलर उचलायचा. विजेच्या किंवा हायड्रॉलिक मोटारीवर चालणाऱ्या नव्या मिलमध्ये रोलर उलटा फिरवण्याची सोय करता येते, तो फरक मोठा आहे. पण आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या कितीतरी पिढ्यांनी टर्बाइनवरच गाळप केलं.

पंख्याच्या वेगाची भीती वाटते म्हणून आपण पंख्यात बोट घालत नाही. रोलरची भीती वाटत नाही, हाच त्याचा धोका.

पण पत्रातला खरा प्रश्न पुढचा आहे. हात ओढून काढता का येत नाही? तर हात सोडू नये म्हणूनच तो रोलर घडवलेला असतो.

वालचंदनगरवरचा भाग ज्यांनी वाचला त्यांना ओतकामाची भट्टी आठवत असेल. रोलरचा मधला दांडा घडीव पोलादाचा, पण त्यावर तापवून चढवलेलं शेल मात्र बिडाचं, तेही जाड्या कणांचं. पोलादाचं का नाही? कारण पोलाद उसावर घासून घासून आरशासारखं गुळगुळीत होतं. बीड झिजतं तेव्हा त्यातले ग्रॅफाइटचे पापुद्रे निघून येतात आणि पृष्ठभाग खरखरीत राहतो. त्या खरखरीतपणामुळे रोलर उसाची गादी आत खेचतो. रोलर उसाला ढकलत नाही, चावत नाही, फक्त घर्षणाने ओढून घेतो. पकड गेली की मिल घसरते आणि रस बगॅसमध्ये, म्हणजे पिळून निघालेल्या चिपाडातच, राहतो.

पोलादाच्या गिरणीत याच्या अगदी उलट. जालन्याकडे सळया लाटणाऱ्या रोलिंग मिल पुष्कळ आहेत. तिथे रोलवर कोरलेला प्रत्येक खाचखळगा लाल तापलेल्या सळईवर उमटतो, म्हणून पृष्ठभाग जपावा लागतो, पाणी मारून थंड ठेवावा लागतो, भेगा पडल्या की रोल काढून लेथवर घ्यावा लागतो. तिथले लोक रोल राखतात ते पुढच्या मालाच्या अंगासाठी. आम्ही राखतो ते पकडीसाठी.

ही पकड हंगामभर टिकवायची तर आर्किंग करावं लागतं. न पाहिलेल्यांसाठी सांगतो. गाळप चालू असतं, रोलर फिरत असतो, अंगावरून रस वाहत असतो, आणि वेल्डर त्या फिरत्या रोलरच्या दातांवर वेल्डिंग रॉडने ठिपके टाकत जातो. साधारण मालदांडी ज्वारीच्या दाण्याएवढा एकेक ठिपका, कठीण धातूचा. रोलर फिरत असल्यामुळे दाणे आपोआप ओळीने पडत जातात. काम जमलेल्या वेल्डरचा रोलर बंद झाल्यावर हात फिरवून पाहावा, भरल्या कणसावरून हात फिरवल्यासारखा लागतो. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत बगॅसमधली साखर उतरलेली दिसते आणि चीफ केमिस्टचा चेहरा उजळतो.

आता एकदा मागे वळून बघा. बिडाचं खरखरीत शेल, दात, दातांवर ज्वारीचे दाणे, वरून शेकडो टनांचा दाब. रोलर जितका उत्तम राखलेला, तितका हातासाठी वाईट. मी अनेक वर्षं असंच समजत होतो आणि नवीन पोरांना तसंच सांगत होतो. ते अर्धंच खरं निघालं. उरलेलं अर्धं मला एका टॉवेलने शिकवलं.

कारखान्याचं नाव लिहीत नाही. रात्रपाळी होती. तिसऱ्या मिलवर आमचे सगळ्यात जुने ऑईलमन, सगळे त्यांना मामा म्हणत. थंडीचे दिवस, त्यांच्या गळ्यात सोलापुरी टॉवेल, पांढरा, लाल काठाचा. मिल घसरायला लागली, तोंडाशी बगॅस तुंबला. मामा नेहमीसारखी पहार घेऊन वर चढले आणि वाकून तो ढकलू लागले. टॉवेलचं एक टोक खाली लोंबलं आणि गादीबरोबर आत गेलं. मामांनी मान मागे घेतली आणि टॉवेल सुळकन निघून गेला. गाठ मारलेली नव्हती. मारलेली असती तर काय झालं असतं याचा विचार मी आजही पुढे नेत नाही. थोड्या वेळाने मिलच्या मागच्या बाजूला तो फिटरला सापडला. करकचून पिळलेला, आणि या काठापासून त्या काठापर्यंत रोलरच्या दातांच्या समांतर रेघा उमटलेल्या.

सकाळी सगळे जमले. पहिला प्रश्न टॉवेलचा निघाला, आणि तो रास्त होता. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या २२ व्या कलमात चालत्या यंत्राजवळच्या कामासाठी खास शिकवलेला माणूस, नोंदवहीत त्याचं नाव आणि अंगाला घट्ट बसणारे कपडे, तेही मालकाने दिलेले, असं स्पष्ट होतं. पण चीफ केमिस्टनी वेगळंच विचारलं. मामा तिथे गेलेच कशाला?

मामा म्हणाले, “सायेब, मिल घसरली की ढकलाया आमीच जातो की. दुसरं कोन जानार?”

मिल का घसरली? दोन दिवस आर्किंग झालं नव्हतं. का नाही झालं? वेल्डिंगच्या केबलचं आवरण फाटलं होतं, ओल्या जागी शॉकचा धोका म्हणून सेफ्टी ऑफिसरने काम थांबवलं होतं. योग्यच केलं होतं. नवी केबल का नाही आली? मागणी स्टोअरला गेली होती, खरेदीच्या सहीसाठी थांबली होती. चार खाती, चार नोंदवह्या, आणि चारही बरोबर. सेफ्टीच्या वहीत एक धोका टळल्याची नोंद होती, आणि तो धोका तिथून उठून मामांच्या गळ्याशी आला होता.

तेव्हापासून मी मानतो की झिजलेला रोलर हा चांगल्या रोलरहून जास्त धोक्याचा असतो. चांगला रोलर गादी आपोआप ओढतो, त्याच्याजवळ जायचं कारणच पडत नाही. झिजलेला रोलर माणसाला जवळ बोलावतो. म्हणजे देखभाल आणि सुरक्षा ही दोन कामं नाहीत, आणि त्यांच्या दोन बैठका असणं हीच चूक आहे.

आम्ही एक छोटी गोष्ट सुरू केली. रोज सकाळी आठला, ऑफिसात नाही, मिल हाऊसमध्येच उभ्या उभ्या पाच जण भेटायचे : मिल फिटर, वेल्डर, पाळीचा केमिस्ट, ऑईलमन आणि सेफ्टी ऑफिसर. वही एकच. त्यात पहिला रकाना पहारीचा, काल कुठल्या मिलवर किती वेळा पहार घालावी लागली. सुरुवातीला ऑईलमन आकडा कमी सांगत. आपल्या कामात खोट काढतायत असं त्यांना वाटे. मग त्यांच्या लक्षात आलं की आकडा वाढला की वेल्डर त्याच दिवशी येतो, आणि ते चोख सांगू लागले. केमिस्टला त्यात आणखी एक गोष्ट दिसली. बगॅसमधली साखर वाढायच्या आधी पहारीचा आकडा वाढतो. रोलरची तब्येत प्रयोगशाळेच्या आधी पहारीला कळते.

आर्किंगचंही असंच झालं. वेल्डरने कुठे उभं राहायचं हे आधी कुणी ठरवलंच नव्हतं, जिथून हात पोचेल तिथून तो काम करी. पाच जणांनी मिळून जागा ठरवली : जिथे रोलरचा पृष्ठभाग माणसापासून दूर जातो पण दुसऱ्या रोलरच्या सांध्याकडे जात नाही, अशी, आणि तिथे कोरडा लाकडी मंच. सेफ्टी ऑफिसरने परतीच्या करंटची वायर कुठे जोडता म्हणून विचारलं, तर ती हाताला येईल त्या लोखंडाला जोडलेली निघाली. फिटर चमकला. तसा करंट बेअरिंगमधून जातो आणि जर्नलवर, म्हणजे दांड्याच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागावर, बारीक डाग पाडतो. आदल्या हंगामातल्या खरबरीत जर्नलचं कारण तो शोधतच होता. दांड्यावर स्वतंत्र ब्रश बसवला. माणूसही सुरक्षित, जर्नलही.

भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, कारखाने अधिनियमाच्या १९८७ च्या दुरुस्तीने, धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांत कामगार आणि व्यवस्थापन यांचे समसमान प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती कायद्याने आली. समसमान ही मोठी गोष्ट होती. पण मी पाहिलेल्या समित्यांत कामगारांकडून टाइम ऑफिसचा माणूस असे, स्टोअरचा असे, आणि पहार धरणारा नसे. कायदा संख्या सांगतो. कोण बसवायचा ते आपण ठरवायचं असतं.

कारखान्यांच्या आपसातल्या देवाणघेवाणीतही हेच, पहार धरणारा तिथे दिसत नाही. साखर तंत्रज्ञांची आंतरराष्ट्रीय संस्था १९२४ साली होनोलुलूत सुरू झाली, २०२३ ची तिची परिषद हैदराबादला झाली. पुण्यातली डेक्कन शुगर टेक्नॉलॉजिस्ट्स असोसिएशन १९३६ ची, मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ ची. अमेरिकेत पोलाद तंत्रज्ञांच्या संघटनेत तर रोलसाठी वेगळी तांत्रिक समितीच आहे. अशा व्यासपीठांवरचे रोलरवरचे निबंध मी आवडीने वाचत आलोय, पुष्कळ शिकलोय. आर्किंगमुळे मिल एक्स्ट्रॅक्शन, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, किती वाढलं हे त्यांत दशांशापर्यंत मिळतं. वेल्डर कुठे उभा होता, हे मला फार क्वचित सापडलं. आपल्या जिल्ह्यात जेवढे साखर कारखाने आहेत तेवढे राज्यात दुसरीकडे नाहीत. ऑफ सीझनला सगळ्यांचे रोलर एकाच वेळी उघडे पडलेले असतात. शेजारच्या दोन कारखान्यांच्या वेल्डरांनी आणि ऑईलमनांनी एकमेकांच्या मिल हाऊसमध्ये एक दिवस घालवावा. खर्च एका जीपच्या डिझेलचा.

आणखी एक. डॉनेली चूट ऑस्ट्रेलियातून आली ती सुरक्षेसाठी नव्हे. उंच बंद पेटीत उसाचा स्तंभ उभा राहतो, त्याच्या वजनाने रोलरला भरपूर खाद्य मिळतं, म्हणून आली. पण त्या पेटीने रोलरचं तोंड माणसापासून कितीतरी लांब नेलं. अनेक हात तिच्यामुळे वाचले असतील.

आता बार्शीकरांच्या मेव्हण्यांची रसवंती. तिथलं दुखणं मला ठाऊक आहे. पहिल्यांदा ऊस घालताना हात लांब असतो, कारण ऊसच लांब असतो. धोका शेवटच्या खेपेला. चिपाड दुमडून, मध्ये लिंबू आणि आलं घालून ते पुन्हा चरकात कोंबतात तेव्हा ते वीतभरच उरलेलं असतं, आणि मूठ थेट लाटांशी येते. चरकाच्या तोंडाला पत्र्याची पेटी बसवून घ्या. रुंदीला ऐसपैस पण उंचीला एवढी कमी की दुमडलेलं चिपाड जाईल, मूठ जाणार नाही. लांबी कोपरापर्यंतच्या हाताहून जास्त. शेवटचा घास ढकलायला लाकडी फळी ठेवा, पहार नको. बटण पोराच्या मोकळ्या हाताला, मान न वळवता लागेल असं घ्या. आणि त्याच्या गळ्यातला टॉवेल गिऱ्हाइकाचे पेले पुसायला खुंटीवर लावा.

पेटी बसवल्यावर कळवा. पत्र्याची जाडी आणि खिळे-बोल्टचं माप पाठवतो. ट्रॅश प्लेट पुढच्या आठवड्यात.