ऐकणाऱ्यांची बाजू (भाग ९) : सम कुठे गेली?

नाट्यपद नाटकातून उठून मैफलीत कसं येऊन बसलं, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. आज तोच प्रवास, पण दुसऱ्या मुलुखातला. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर संगीत नाटकांचा सुकाळ होता. त्यातली बरीचशी नाटकं आज कुणाला आठवतही नाहीत, गाणी मात्र राहिली. जेरोम कर्नचं ‘ऑल द थिंग्ज यू आर’ ज्या नाटकात होतं, ते ‘व्हेरी वॉर्म फॉर मे’ १९३९ साली ५९ प्रयोगांत पडलं. गाणं अजून रोज कुठे ना कुठे वाजतं. जॉर्ज गर्शविनचं ‘लेडी बी गुड’ हे १९२४ च्या नाटकातलं. अशा गाण्यांना जॅझवाले ‘स्टँडर्ड’ म्हणतात. सगळ्या वादकांना ती पाठ असतात, त्यामुळे अनोळखी चौघे एका मंचावर आले तरी गाण्याचं नाव आणि पट्टी ठरली की वाजवायला लागतात. ‘मानापमान’ १९११ चं आणि ‘स्वयंवर’ १९१६ चं. त्यांतल्या पदांचं आपल्याकडे हेच झालं.

ही गाणी ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ड्रम सगळं बाजूला ठेवून फक्त तारांच्या वाद्यांवर वाजवली, तर ऐकणारे काय म्हणतात? अशा रेकॉर्डवर दोन टोकांची मतं हमखास येतात. एक म्हणतो, काय गोड वाजवलंय. दुसरा म्हणतो, गोडच आहे नुसतं, जॅझ कुठाय? या दोघांच्या मध्ये एक तिसरा बसलेला असतो. तो विचारतो, ओळखीचं गाणं सुरू झालं होतं, ते गेलं कुठे? मला या तिसऱ्याबद्दल बोलायचं आहे, कारण त्याची तक्रार सगळ्यांत खरी आहे.

या प्रकाराचं मूळ पॅरिसमध्ये. तिथे १९३२ साली जॅझच्या रेकॉर्डी ऐकणाऱ्या मंडळींनी ‘हॉट क्लब द फ्रान्स’ काढला. वादकांचा नव्हे, श्रोत्यांचा क्लब. दोन वर्षांनी याच क्लबच्या नावाने एक पंचक उभं राहिलं. त्याची गोष्ट अशी सांगतात की, एका हॉटेलच्या बँडमध्ये व्हायोलिन वाजवणारा स्टेफान ग्रापेली मध्यंतरात तार बदलून सूर लावत बसला होता, तेवढ्यात गिटारवाला जँगो राइनहार्ट त्याच्यासोबत छेडू लागला, आणि दोघांना असा काही रंग चढला की पुढे तेच रोजचं झालं. साथीला आणखी एक गिटारवाला आला, बासवर लुई व्होला. मग जँगो कुरकुरला, स्टेफानच्या मागे दोन गिटारी, माझ्या पाळीला मागे एकच! म्हणून तिसरी गिटार आली. डिसेंबर १९३४ मध्ये त्यांच्या पहिल्या रेकॉर्डी निघाल्या, ‘डायना’, ‘टायगर रॅग’, ‘लेडी बी गुड’. एक व्हायोलिन, तीन गिटारी, एक बास. हे असलं जॅझ त्याआधी कुणी ऐकलेलं नव्हतं.

जँगो मानुष, म्हणजे रोमा समाजातला. रोमांची भाषा आपल्या भाषाकुळातली, त्यांचे पूर्वज हजारएक वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून निघाले. एवढं कळलं की आपल्याकडचे काही जण लगेच जँगोच्या तानेत राग शोधू लागतात. मला हा नाद पटत नाही. जँगोने जे उचललं ते लुई आर्मस्ट्राँगच्या रेकॉर्डींतून, स्वतःच्या कानांनी.

या भागासाठी ऐकणारे मी काशीत गाठले, संकठा घाटावर. पुण्या-मुंबईत जॅझ म्हटलं की माणूस आधीच ठरलेल्या चेहऱ्याने ऐकायला बसतो, आणि मला ताजे पण तयार कान हवे होते. घाटही आपल्या ओळखीचा आहे. दक्षिणेला शिंद्यांचा घाट, उत्तरेला गंगामहाल आणि त्यापलीकडे नागपूरकर भोसल्यांचा घाट. खुद्द संकठा घाटही भोसल्यांचे वकील बेनीराम पंडित यांच्या घराण्यातल्या एका विधवेने बांधवला असं सांगतात. लोक तिला नुसतं ‘पंडिताइन’ म्हणत. घाटाच्या पायऱ्या चढून संकठा देवीच्या देवळाकडे वळलं की गल्लीत अजून मराठी बोलणारी घरं भेटतात. त्यांचं मराठी पेशवाईतलं आणि क्रियापदं अधूनमधून बनारसी.

अशाच एका घरी पहिल्या मजल्यावर आम्ही बसलो. घरधनी काका, पौरोहित्य करून आता थकलेले. शेजारचा एक तबला शिकणारा मुलगा. हिंदू विश्वविद्यालयात व्हायोलिन शिकणारी एक मुलगी. आणि आत स्वयंपाकघरात काकू, ज्या ‘मला काय कळतंय त्यातलं’ म्हणत सगळं ऐकत होत्या. मोबाइलला जोडलेल्या छोट्या स्पीकरवर मी ‘लेडी बी गुड’ लावलं. कुणाचं, कुठलं, काही सांगितलं नाही.

पहिलं मत आतून आलं. “बँड नसलेली वरात निघालीय की काय?” काकूंनी विचारलं. यापेक्षा नेमकं वर्णन मी कुठल्या समीक्षकाचं वाचलेलं नाही. गाडा धावतोय, सगळे खुशीत आहेत, आणि ढोल-ताशा कुठेच नाही.

तबलेवाल्या मुलाने मांडीवर बोटं धरली होती. थोड्या वेळाने ती थांबली. “बाजा त बढ़िया हौ गुरू, बाकी सम कहाँ हौ?” मग आणखी एकदा ऐकून तो म्हणाला, ठेका मधली गिटार धरतेय, डाव्या हाताने तार दाबून लगेच सोडतेय, म्हणून आवाज तुटतोय. अगदी बरोबर ओळखलं त्याने. फ्रेंच लोक या वाजवण्याला ‘पंप’ म्हणतात. चार मात्रांतल्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर जोर, आणि आघात झाला की तार लगेच मुकी. ड्रमचं काम दोन गिटारी असं वाटून घेतात.

मुलगी हातांबद्दल बोलली, आणि ते मला सर्वांत मोलाचं वाटलं. ज्या विद्यापीठात डॉ. एन. राजम यांनी गायकी अंगाचं व्हायोलिन रुजवलं, तिथे शिकणारी ती. आपले वादक मांडी घालून बसतात, व्हायोलिनचं टोक उजव्या पावलावर टेकवतात. त्यामुळे वाद्य धरायची जबाबदारी डाव्या हातावर राहत नाही आणि बोट तारेवर हवं तिथवर घसरू शकतं. मींड तिथून येते. ग्रापेली उभा, वाद्य हनुवटीखाली, डाव्या हाताचा अंगठा दांडीला. ती म्हणाली, “घसरतो तोही, पण एवढंसं. सुराला खालून येऊन हात लावतो आणि लगेच पुढे जातो. गजसुद्धा छोटा ओढतो. आम्हाला एका गजात अख्खी ओळ गायला शिकवतात, हा एका गजात दोन शब्द बोलतो.”

काका शेवटी बोलले. त्यांच्याकडे पुण्याच्या नातेवाइकांनी फार पूर्वी आणून दिलेली प्रभाकर जोगांची ‘गाणारं व्हायोलिन’ची कॅसेट होती, ती झिजेपर्यंत वाजवलेली. “जोगांच्या व्हायोलिनमधून शब्द ऐकू यायचे. याने पहिल्यांदा गाणं वाजवलं खरं, मग ते टाकूनच दिलं. सोडून दिलेलं गाणं परत घ्यायला नको?”

हाच आपला तिसरा श्रोता. त्याला उत्तर देण्यासाठी या गाण्यांचा सांगाडा बघायला हवा. ‘लेडी बी गुड’ ३२ बारांचं आहे. एका बारात चार मात्रा, म्हणजे १२८ मात्रांचं एक आवर्तन. त्याचे आठ-आठ बारांचे चार तुकडे. पहिला, दुसरा आणि चौथा एकाच चालीचे, तिसरा वेगळा, थोडासा आपल्या अंतऱ्यासारखा दुसऱ्या प्रदेशात जाऊन येणारा. मिनिटाला दोनशे मात्रांच्या लयीत हे आवर्तन ३८ सेकंदांत पुरं होतं. त्या काळच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीनएक मिनिटं मावत, म्हणजे साधारण साडेचार आवर्तनं. पहिल्या आवर्तनात गाणं वाजतं. नंतर गाण्याची चाल वाजवायची नसते. तिच्याखाली जी स्वरगुच्छांची रांग असते, ज्याला आपले सिनेवादक ‘कॉर्ड’ म्हणतात, तेवढीच गिटारी फिरवत राहतात. त्या रांगेवर व्हायोलिन किंवा गिटार दर वेळी नवी चाल बांधते. शेवटी पुन्हा मूळ गाणं, नाहीतर त्याचा शेवटचा तुकडा.

आपल्याकडे मुखडा दर आवर्तनात परत येतो, म्हणून बंदीश आपल्या डोळ्यांसमोर राहते. गवई कितीही लांब गेला तरी समेवर त्याला यावंच लागतं आणि आपण तिथे मान हलवतो. जॅझमध्ये मुखडा गाणारा कोणी नसतो. तो ऐकणाऱ्याने मनात म्हणायचा असतो. बत्तीस बार संपून पहिल्या कॉर्डवर परत आलं, की ती तिथली सम, पण तिच्यावर कुणी हात मारत नाही. वादक बहुधा तिच्यावरून बोलत बोलतच पुढे जातो. तबलेवाल्या मुलाने सम शोधली ती सोळा मात्रांवर, आणि ती होती एकशे अठ्ठाविसाव्यानंतर.

म्हणून अशा रेकॉर्डीवरची मतं वाद्यांबद्दल कमी आणि ऐकणाऱ्याच्या पाठांतराबद्दल जास्त सांगतात. १९३४ साली अमेरिकेतल्या माणसाला ‘लेडी बी गुड’ तोंडपाठ होतं. ग्रापेलीने चाल सोडली की त्याच्या मनात ती चालूच राही, आणि दोन्ही एकदम ऐकण्यात गंमत होती. ज्याला गाणं पाठ नाही, त्याच्या कानावर त्यातली एकच येते, वरची. ती त्याला गोड वाटते किंवा भरकटलेली. गोड म्हणणारा आणि ‘जॅझ कुठाय’ म्हणणारा, दोघांचीही बरेचदा हीच अडचण असते.

मी काकांना गाणं शब्दांसकट ऐकवलं, साधं, सरळ, गायलेलं. पुन्हा ऐकवलं. काकूंना तोवर पहिली ओळ यायला लागली होती, सूर पक्के, शब्द गाळून. मग परत ग्रापेली. या वेळी दुसऱ्या आवर्तनात काका भिंतीवर बोट वाजवत राहिले आणि तिसरा तुकडा आला तेव्हा त्यांनी बोटानेच तो दाखवला. ग्रापेली त्या वेळी भलतंच काहीतरी वाजवत होता. त्यांना तो तरी सापडला. जोग त्यांना अजूनही जास्त आवडतात, आणि त्यात काही चूक नाही. प्रभाकर जोगांनी सुधीर फडक्यांच्या ‘गीतरामायणा’त साथ केलेली. शब्द कुठे फुटतो, श्वास कुठे घ्यायचा, हे त्यांच्या गजाला माहीत होतं. त्यांचं व्हायोलिन गाण्यापाशी थांबतं कारण त्यांना तिथेच थांबायचं आहे. ग्रापेलीला निघायचं आहे.

मराठी श्रोत्यांनी हा वाद पूर्वी घरातच केलेला आहे. कुमार गंधर्वांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ मांडले तेव्हा कितीतरी जण रागावले होते. पदं तीच, पण बालगंधर्वांच्या जागा नाहीत. त्या जागांच्या शेजारून कुमार जातात. रागावणाऱ्यांना मूळ गायन इतकं पाठ होतं की प्रत्येक वगळलेली जागा त्यांना टोचत होती. खूश झालेल्यांनाही ते तितकंच पाठ होतं. दोघांची हजेरी पूर्ण, निकाल उलटा. मला वाटतं, ‘स्टँडर्ड’ गाण्यांवरचा खरा वाद हाच. ज्याला मूळ माहीतच नाही त्याचं मत त्यात फार लांब जात नाही, ते चांगलं असो की वाईट.

काशीच्या संदर्भात आणखी एक रेकॉर्ड आठवते. रविशंकरांचा जन्म काशीचाच, १९२० चा. त्यांच्यासोबत व्हायोलिनवादक येहुदी मेन्यूहिनने केलेली ‘वेस्ट मीट्स ईस्ट’ १९६७ ची. त्यात मेन्यूहिनचा भाग रविशंकरांनी आधी बांधून, स्वरलिपीत उतरवून दिलेला होता. पुढे सत्तरच्या दशकात त्याच मेन्यूहिनने ग्रापेलीबरोबर तिशीच्या दशकातली गाणी रेकॉर्ड केली. तिथेही मेन्यूहिनचं वादन लिहून दिलेलं होतं, ग्रापेलीचं उत्स्फूर्त. ऐकताना हे कळतं. मेन्यूहिनचा सूर जास्त भरदार आहे, पण प्रत्येक ओळ जिथे संपायची तिथेच संपते. ग्रापेलीची ओळ संपता संपता वळते. मेन्यूहिनने हे स्वतः लपवलं नाही, उलट ग्रापेलीकडून शिकल्यासारखं वागला. तरीही या रेकॉर्डी पुष्कळ खपल्या आणि पुष्कळांना फार आवडल्या, कारण दोन म्हातारे आनंदाने वाजवत आहेत हे त्यातून ऐकू येतं. जाणकारांनी नाकं मुरडली. मी जाणकारांच्या बाजूचा, पण रेकॉर्ड माझ्याकडे आहे.

निघताना काकांनी एक गोष्ट सुचवली, तीही इथे नोंदवतो. ‘मानापमान’च्या चाली बांधताना गोविंदराव टेंब्यांनी पूरबेकडच्या ठुमरी, दादरा, कजरीच्या वाटा धरल्या. म्हणजे जी पदं महाराष्ट्रात ‘आपली’ म्हणून पाठ आहेत, त्यांतल्या कित्येकांचा मूळ मुलूख हा. “तिकडून आलेल्या माणसाने इथल्या मुलाला नाट्यपद ऐकवावं,” काका म्हणाले, “तो म्हणेल, आमचीच कजरी, पण ही कुठल्या कुठे गेली!” पुढच्या वेळी तबलेवाल्या मुलाला ते ऐकवायचं ठरलं आहे.

ज्यांना घरी करून पाहायचं असेल त्यांनी १९३४ चं ‘डायना’ घ्यावं. आधी कुणाचंही गायलेलं ऐका, पहिला तुकडा गुणगुणता येईल इतकं. मग पंचकाचं लावा आणि व्हायोलिनकडे अजिबात लक्ष देऊ नका. मागच्या दोन गिटारी ऐका आणि मनात गाणं म्हणत राहा. ते संपेल तिथे दुसरं आवर्तन सुरू होतंय का, एवढंच बघा. ग्रापेली दुसऱ्यांदा ऐकायचा.

पुढच्या आठवड्यात जँगोच्या डाव्या हाताकडे. नोव्हेंबर १९२८ मध्ये त्याच्या गाडीघराला आग लागली आणि करंगळी व तिच्या शेजारचं बोट आखडून निकामी झालं. त्यानंतरची सगळी वादनं मुख्यतः उरलेल्या दोन बोटांची आहेत. ती ऐकून गिटार शिकणाऱ्यांची मतं काय पडतात, ते पाहू.