पेट्रोल पंपावरच्या यंत्रावर ‘ईएक्स’ का लिहिलेलं असतं?

पुण्यातल्या कुठल्याही पेट्रोल पंपावर उभे राहा. समोरच्या यंत्रात वीज खेळत असते, आणि टाकी भरताना पेट्रोलची वाफ बाहेर पडत असते. ही वाफ हवेपेक्षा जड, त्यामुळे जमिनीलगत पसरते. मग भडका का उडत नाही?

कारण अशा जागी साधी विद्युत उपकरणं चालत नाहीत. जागेचे आधी तीन भाग पाडतात. टाकीच्या आत वाफ कायम असते, तो झोन शून्य. रोजच्या कामात वाफ येऊ शकते तो झोन एक, आणि काही बिघडलं तरच, तेही थोडा वेळ, तो झोन दोन. त्यानुसार उपकरण निवडायचं. पेट्रोलियमच्या जागांसाठी ‘पेसो’ची मान्यता लागते. या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे.

सगळ्यात जास्त गैरसमज ‘फ्लेमप्रूफ’ या शब्दाबद्दल आहे. या पेटीत गॅस शिरत नाही असं अनेकांना वाटतं. तो शिरतो. आत ठिणगी पडली तर स्फोटही होतो. पण जाड धातूची पेटी तो दाब सोसते, आणि सांध्याच्या बारीक फटीतून बाहेर येताना जळता वायू इतका थंड होतो, की बाहेरची वाफ पेटत नाही. म्हणूनच झाकणाला आठ बोल्ट असतील तर आठही हवेत. दुरुस्तीनंतर घाईत सहाच आवळले किंवा केबलसाठी जादा भोक पाडलं, तर प्रमाणपत्र असून नसल्यासारखं. खरा धोका खरेदीपेक्षा देखभालीत आहे, तो असा.

दुसरी पद्धत म्हणजे वीजच इतकी कमी ठेवायची, की ठिणगीत पेटवायची ताकद नसावी. वेल्समधल्या सेंगेनिड खाणीत १९१३ मध्ये ४३९ कामगार गेले. तेव्हा संशय घंटेच्या साध्या तारांवरही होता. त्यानंतरच्या संशोधनातून ही पद्धत आली.

लेबलवर ‘टी४’ दिसलं, तर पृष्ठभाग १३५ अंशांपुढे तापणार नाही. ‘टी३’ला ही मर्यादा २०० आहे.

आता तळवडे. ८ डिसेंबर २०२३ रोजी तिथे केकवरच्या स्पार्कल मेणबत्त्यांच्या कारखान्यात आग लागली. मृतांमध्ये बहुतेक महिला होत्या. स्फोटक पदार्थ बनवण्याच्या जागा मात्र या ‘ईएक्स’ मानकांत येतच नाहीत. त्यांना १८८४ चा स्फोटक कायदा आणि २००८ चे नियम लागतात, आणि तिथे परवान्याशिवाय कामच सुरू करता येत नाही.