परदेशी निघताना लायसन्स

गिरगाव, लालबाग, परळकडची मुलं नोकरीसाठी परदेशी निघाली की ताडदेवच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढतात. १९४९च्या जिनिव्हा करारानुसार मिळणारा हा परवाना फार तर एक वर्ष चालतो, आणि तोही मूळ लायसन्स सोबत असेल तरच. पण तो पाहुण्यांसाठी आहे, हे घरच्यांनाही ठाऊक नसतं. तिथे राहायला गेलात की मुदत वेगळी. ब्रिटनमध्ये रहिवासी झाल्यापासून १२ महिने, जर्मनीत ६. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष चाचणी द्यावीच लागते. भारतीय लायसन्स नुसतं बदलून मिळत नाही. मुदत उलटल्यावर गाडी चालवणं म्हणजे विनापरवाना चालवणं. अपघात झाला तर विमाही हात वर करू शकतो. म्हणून पोचल्याबरोबर चाचणीची तारीख घ्या.