दोन बटणांची दंगल

वेल्ह्याच्या पुढे राजगड-तोरण्याच्या कुशीत शिरले किंवा भोरहून वरंधा घाटाकडे वळले, की मोबाइलच्या रेंजचा भरवसा राहत नाही. ऑनलाइन मारामारीचा गेम ऐन रंगात असताना पडदा गोठतो आणि रेंज परत येईपर्यंत डाव हातचा गेलेला असतो. सप्टेंबर २०२० मध्ये पब्जी मोबाइलवर बंदी आली, तेव्हा तर भरपूर रेंज असलेल्यांचाही खेळ थांबला. अशा भागात १९९९ सालचे एक जपानी खेळणे अजूनही कामाचे आहे. त्याला ना रेंज लागते, ना अपडेट. दोन पेन्सिल सेल घातले की ते सुमारे ४० तास चालते. त्याचे नाव निओ जिओ पॉकेट कलर.

हे यंत्र बनवले ओसाकाच्या एसएनके या कंपनीने. तिचे घरी खेळायचे यंत्र अमेरिकेत साडेसहाशे डॉलरच्या घरात विकले जाई, म्हणून ते हौशी श्रीमंतांपुरतेच राहिले. गेम पार्लरमधल्या तिच्या पेट्या मात्र जगभर गेल्या. आपल्याकडे नाणे टाकून ‘किंग ऑफ फायटर्स ९७’ खेळलेल्या पिढीला एसएनकेचे नाव कदाचित आठवणार नाही, पण त्यातले लढवय्ये क्यो आणि इओरी नक्की आठवतील. त्याच पार्लरमध्ये शेजारच्या पेटीवर असायचा ‘मुस्तफा’. ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ या मूळ नावाने त्याला क्वचितच कोणी ओळखे. तो होता कॅपकॉमचा. कॅपकॉमही ओसाकाचीच, आणि एसएनकेची कट्टर प्रतिस्पर्धी.

हे वैर मजेदार होते. कॅपकॉमच्या पहिल्या ‘स्ट्रीट फायटर’चे (१९८७) दिग्दर्शक ताकाशी निशियामा पुढे एसएनकेत गेले आणि तिथे त्यांनी ‘फेटल फ्युरी’ (१९९१) घडवला. एसएनकेच्या ‘आर्ट ऑफ फायटिंग’चा नायक रियो सरळसरळ कॅपकॉमच्या ‘स्ट्रीट फायटर’मधल्या र्यूच्या वळणावर गेलेला. कॅपकॉमने त्याचे उट्टे डॅन नावाचे पात्र काढून फेडले: गुलाबी कपडे, मोठमोठ्या बाता, आणि हातातून निघणारा आगीचा गोळा वीतभर जाऊन विझणारा! एसएनकेच्या नायकांची ती उघड टिंगल होती.

डिसेंबर १९९९ मध्ये हे दोन्ही पक्ष एका फायटिंग गेममध्ये पहिल्यांदा समोरासमोर आले, तेही पार्लरच्या भल्यामोठ्या पेटीत नव्हे, तर तळहाताएवढ्या निओ जिओ पॉकेट कलरवर. ‘एसएनके व्हर्सेस कॅपकॉम: द मॅच ऑफ द मिलेनियम’ असे त्या गेमचे नाव. एकूण २६ लढवय्ये, त्यातले आठ आधी लपवलेले. रियो आणि डॅन दोघेही हजर.

पार्लरमधल्या ‘स्ट्रीट फायटर २’ला सहा बटणे होती, तीन ठोशांची आणि तीन लाथांची. या यंत्रावर मारायला दोनच. एक ठोशाचे, दुसरे लाथेचे. मग हलका फटका कुठला आणि जोरकस कुठला? बनवणाऱ्यांनी तोड साधी काढली. बटण टिचकीसारखे दाबले तर फटका हलका, क्षणभर दाबून धरले तर जोराचा. खाली, तिरके, पुढे अशी दिशेची दांडी फिरवून ठोशाचे बटण दाबले की र्यू आगीचा गोळा फेकतो. त्याचा वेगही दाबण्याच्या वेळेवरच ठरतो. बटणांची उणीव अशी अंगठ्याच्या अंदाजावर सोपवून दिली.

दांडीची गोष्ट तर आणखी न्यारी. इतर बहुतेक हँडहेल्डवर दिशांसाठी अधिक चिन्हासारखी पट्टी असे. एसएनकेने छोटी गोल दांडी बसवली आणि तिच्याखाली मायक्रोस्विच ठेवले. प्रत्येक दिशेला ‘टिक’ असा आवाज होतो आणि दिशा लागली की हुकली, हे पडद्याकडे न बघताही अंगठ्याला कळते. पडदा फक्त १६० बाय १५२ ठिपक्यांचा. एवढ्याशा जागेत हालचाल स्पष्ट दिसावी म्हणून पात्रे मोठ्या डोक्याची, ठेंगणी काढली आहेत.

आज पुन्हा खेळताना जाणवते, की खरी गंमत चित्रांत नाही, समोरच्याचा डाव ओळखण्यात आहे. भोर-वेल्ह्याकडच्या जत्रांतले कुस्तीचे फड पाहिलेल्यांना ती लगेच उमगेल. समोरचा पटात घुसणार हे आधी ताडले, तर त्याला वरून दाबता येते. इथेही आगीचा गोळा चुकवायला कोणी उडी मारणार हे ओळखले, तर तो खाली येण्याआधीच उसळून ठोसा देता येतो. नुसते हात आडवे धरून बसणाऱ्यासाठी रशियन मल्ल झँगिफ आहे. त्याची पकड अडवता येत नाही, तो उचलून आपटतोच.

मग असे यंत्र विस्मरणात का गेले? निन्टेंडोच्या गेम बॉयकडे ‘पोकेमॉन’ होता आणि मुलांना तोच हवा होता. एसएनकेची आर्थिक घडीही विस्कटली होती. जानेवारी २००० मध्ये पाचिन्को या जपानी खेळाची यंत्रे बनवणाऱ्या अरूझे कंपनीने तिचा ताबा घेतला. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिका आणि युरोपातला धंदा गुंडाळला गेला. ऑक्टोबर २००१ मध्ये एसएनकेने दिवाळे काढले. पुढे नाव आणि हक्क वाचले, आणि २०२१ मध्ये हाच गेम निन्टेंडो स्विचवर आणि संगणकासाठी स्टीमवर पुन्हा आला. त्यामुळे भोरमधल्या साध्या लॅपटॉपवरही तो आता खेळता येतो.

मूळ यंत्रच हवे असेल तर जुन्या बाजारात शोधावे लागते. घेताना तीन गोष्टी बघाव्यात. पडद्याला आतून प्रकाश नाही, त्यामुळे चरे आणि डाग उन्हात धरूनच तपासायचे. उन्हात चित्र उलट जास्त खुलते, रात्री मात्र दिवा लागतो. दुसरे, पेन्सिल सेलखेरीज त्यात सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेलही असतो. घड्याळ आणि सेटिंग त्यावर टिकतात, आणि तो संपला असला तरी सहज बदलता येतो. तिसरे, कार्ट्रिज जपानी असेल म्हणून सोडून देऊ नये. यंत्राच्या सेटिंगमध्ये भाषा इंग्रजी केली, की बहुतेक गेम इंग्रजीत बोलू लागतात.